फोनात ‘सेव्ह’ झालं, पण नोंद झाली का?

घरातले महत्त्वाचे कागद ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपल्या आयांना कधी पडला नाही. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेच्या तळाशी लग्नातला शालू, आणि शालूच्या घडीखाली रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. मुलांचे शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, यजमानांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, एखाद्या पॉलिसीचं भेंडोळं, सगळं त्यात. रेशनकार्ड तेवढं वर, कारण ते दर महिन्याला लागायचं. पावसाळा संपला की पिशवीला एकदा ऊन दाखवायचं, दोन डांबराच्या गोळ्या टाकायच्या, की वर्षाची निश्चिंती.

ट्रंक अजून आहे. पण आता कुठल्याही खिडकीवर गेलं की पलीकडची मुलगी विचारते, “काकू, मोबाइलमध्ये आहे का?” आणि काकू पिशवी पुढे करतात तशी ती म्हणते, “हे नको, आधी अपडेट करून आणा.” काकू मान डोलावून घरी येतात. अपडेट म्हणजे नक्की कुठे काय करायचं हे विचारायचं राहूनच जातं. मग संध्याकाळी मुलगा कामावरून आला की त्याच्या पुढ्यात फोन धरायचा, तो वैतागत दोन-चार ठिकाणी बोटं फिरवणार आणि म्हणणार, “झालं, सेव्ह केलं.” आपल्यालाही हायसं वाटतं. मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच, की त्या ‘झालं’वर विश्वास ठेवू नका. मुलगा खोटं बोलत नसतो हो, पण नोंद झालेली असतेच असं नाही.

बँकेचं पासबुक आठवा. आपलं खातं पासबुकात नसतं, ते बँकेत असतं. पासबुक ही त्याची नक्कल. चार महिने पासबुक भरून आणलं नाही म्हणून व्याज जमा व्हायचं थांबत नाही, आणि पासबुकात आपण निळ्या पेनने एक शून्य वाढवलं म्हणून कॅशियर जास्त पैसे देत नाही. फोनातली ही सगळी अॅप म्हणजे निरनिराळ्या खात्यांची पासबुकं आहेत. खरी वही लांब कुठेतरी सरकारी संगणकात. अॅप तिकडे निरोप पाठवतं, तिकडून नक्कल येते, ती आपण पाहतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. मग मागवणं कशाला म्हणतात, बदलणं कुठे करायचं आणि जपून काय ठेवायचं, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत हे लक्षात येतं.

डिजिलॉकरचंच घ्या. 1 जुलै 2015 ला ही सरकारी सोय सुरू झाली. तिच्यात दोन कप्पे आहेत आणि बहुतेकींना ते ठाऊक नसतात. एक ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’चा. यात ज्या खात्याने कागद दिला त्याच्याकडूनच तो येतो: आधार, पॅन, गाडीचं लायसन्स, आरसी बुक. कायद्याने याला मूळ कागदाचाच मान आहे. दुसरा कप्पा आपण स्वतः फोटो काढून ठेवलेल्या कागदांचा. तो नुसता आपल्या सोयीचा. पोलिसाने लायसन्स मागितलं आणि आपण दुसऱ्या कप्प्यातला फोटो दाखवला, तर तो “चालणार नाही” म्हणाला म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पहिल्या कप्प्यातलं लायसन्स मात्र चालतं. आणि पहिल्या कप्प्यातली नक्कलही एकदा आणली की आपोआप ताजी राहीलच असं धरून चालू नका. लायसन्सची मुदत वाढवून घेतली असेल, तर कागद पुन्हा एकदा मागवून घ्यायचा. नाहीतर पासबुक जुनंच राहतं.

आता कागद मागवताना आपल्या बायकांचं घोडं जिथे अडतं ती जागा म्हणजे नाव. पुरुषाचं बारशाचं नाव पेन्शनीपर्यंत टिकतं. आपलं तसं आहे का? माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव काढलं, ते सासरच्या रेशनकार्डावर. मधलं नाव वडिलांचं होतं ते यजमानांचं झालं, आडनाव बदललं. बँकेतल्या माणसाने घाईत मधलं नाव गाळलं. इंग्रजीत लिहिताना कोणी सुनीताला आय लावला, कोणी दोन ई. माणसाला हे सगळं एकाच बाईचं आहे हे कळतं, अगदी रेशन दुकानदारालाही कळतं. संगणकाला कळत नाही. तो अक्षर अक्षर ताडून पाहतो. आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं असेल तर डिजिलॉकरमध्ये पॅन येतच नाही. नाव जुळत नाही असा इंग्रजी निरोप येतो आणि आपल्याला वाटतं फोन बिघडला.

आमच्या कल्याणकडच्या बायकांना तर गावाचं नावही नडतं. मोहने हे गाव घ्या, आंबिवली स्टेशनजवळचं, उल्हास नदीकाठचं. मराठीत सरळ मोहने. पण इंग्रजीत कोणी मधे ओ घालतो, कोणी ए. एकाच घरातल्या विजेच्या बिलावर एक आणि बँकेच्या पत्रावर दुसरं असं चालू असतं. पत्त्यातली अशी तफावत नावाइतकी घातक नसते, तरी पुरावा म्हणून कागद जोडताना एकाच स्पेलिंगचे दोन कागद निवडून काढावे.

मोहन्याचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या आणखी एका गोष्टीबद्दल लिहायला हवं. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यावर या गावातल्या दोन पिढ्यांचे संसार उभे राहिले. 2009 साली कारखाना बंद पडला, हजारो कामगारांची देणी अडकली आणि वर्षानुवर्षं लढा चालला. अशा बंद कारखान्यांच्या कामगारांच्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. ठाणे-कल्याण पट्ट्यात तर विचारू नका. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आज नातवाकरवी फोनात पीएफ शोधायला बसतात. उमंग नावाचं सरकारी अॅप नोव्हेंबर 2017 पासून आहे, त्यात पीएफचं पासबुक दिसतं. नातू यूएएन विचारतो. यूएएन म्हणजे बारा आकडी नंबर, नोकऱ्या बदलल्या तरी तोच राहणारा. तो असेल तरच पासबुक उघडतं. पण हे नंबर द्यायला सुरुवात झाली 2014 मध्ये. ज्या माणसाची नोकरी त्याच्या आधीच गेली, त्याला तो आपोआप मिळालेलाच नसतो. नातू म्हणतो, “आजी, काही नाहीये ह्यात.” आणि आजी समजते, पैसेच नाहीत.

असं समजू नका. फोनात दिसत नाही याचा अर्थ वहीत नाही असा होत नाही. त्या काळी प्रत्येक कामगाराला जुन्या पद्धतीचा पीएफ खातेक्रमांक असे, आणि तो पगाराच्या चिठ्ठीवर किंवा वर्षाकाठी मिळणाऱ्या पीएफच्या पावतीवर छापलेला असे. तो क्रमांक घेऊन पीएफच्या कचेरीत गेलं की शोध सुरू होतो. म्हणून ट्रंकेतली ती पिवळी पडलेली चिठ्ठी बोहारणीच्या गाठोड्यात किंवा रद्दीत जाऊ देऊ नका. घर आवरताना सुनांना सांगून ठेवा. फोन आला म्हणून ट्रंक रिकामी करायची घाई आपल्याकडे फार झाली आहे, आणि त्यात नेमके असले कागद जातात.

बदल करायचा झाला तर तो त्या त्या खात्याच्याच वहीत करावा लागतो. डिजिलॉकरमधलं नाव डिजिलॉकरमध्ये दुरुस्त होत नाही. पॅनचं नाव आयकर खात्याकडे, आधारचं आधारकडे, दहावीच्या निकालपत्राचं शाळेमार्फत बोर्डाकडे. आणि यातही क्रम चुकला तर खेपा वाढतात. मुळाशी हवा लग्नाचा नोंदणी दाखला, कारण माहेरची आणि सासरची एकच बाई आहे हे सांगणारा तोच कागद. पुष्कळ जणींची लग्नं हॉलमध्ये झाली, फोटोंचा अल्बम जाडजूड, पण नोंदणीच केली नाही. महापालिकेत ती उशिरानेही करता येते, थोडा दंड पडतो. त्यानंतर आधार. मग पॅन, बँक वगैरे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा केंद्रावर फॉर्म भरताना स्पेलिंग स्वतः वाचा. खुर्चीतला माणूस पडदा आपल्याकडे फिरवून दाखवतो, तेव्हा संकोचाने “हो हो, बरोबर” म्हणू नका. चष्मा लावा, एकेक अक्षर वाचा. मागे रांग असली तर असू दे. मिळालेली पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाने काम कुठवर आलं ते नंतर पाहता येतं.

नाव बदलायलाच हवं असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. हल्लीच्या मुली माहेरचंच नाव सगळीकडे ठेवतात, आणि कागदांच्या दृष्टीने पाहिलं तर त्या सुखी आहेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. यजमान नोकरीत आहेत, पीएफ कापला जातो, तर वारस म्हणून कोणाचं नाव आहे हे तुम्ही कधी पाहिलंत का? नोकरीला लागताना ते अविवाहित होते, फॉर्मवर आईचं नाव घातलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, फॉर्म तसाच. पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नाआधी केलेली अशी नेमणूक लग्नानंतर रद्द समजली जाते. म्हणजे सासूबाईंचं नाव चालणार नाही आणि तुमचं तर नाहीच. माणूस गेल्यावर पैसे मिळत नाहीत असं नाही, पण वारस कोण हे शाबीत करायला दाखले, शपथपत्रं, सह्या. दुःखाच्या दिवसांत ही वणवण. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफशिवाय विम्याचे सात लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात, आणि ते वारस म्हणून नोंदलेल्या माणसाला. एवढ्या रकमेचा प्रश्न एका न बदललेल्या फॉर्मवर लटकलेला असतो.

हे आता फोनावरून बदलता येतं. पीएफच्या संकेतस्थळावर सभासदाच्या खात्यात ‘ई-नॉमिनेशन’ म्हणून जागा आहे. यजमानांना एखाद्या रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, चहाच्या आधी बसवा. त्यांचा यूएएन आणि पासवर्ड, त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल, तुमचा आणि मुलांचा आधार क्रमांक, सगळ्यांचे छोटे फोटो एवढं जवळ हवं. आधी कुटुंबातली माणसं भरायची आणि ‘सेव्ह’ दाबायचं. मग कोणाला किती टक्के ते भरायचं, पुन्हा ‘सेव्ह’. आणि इथेच नव्वद घरांत माणसं उठतात असं मला वाटतं, कारण पडद्यावर झालं असं लिहून येतं. पण ते नुसतं मसुदा लिहून ठेवण्यासारखं आहे. यानंतर ‘ई-साइन’ आहे. ते दाबलं की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो घातला की सही झाली. सहीशिवाय तो अर्ज तसाच ‘पेंडिंग’ पडून राहतो, महिनोन् महिने. मृत्युपत्र लिहून सही न करता कपाटात ठेवावं, त्यातलाच प्रकार.

सही झाली की खात्यातून बाहेर पडा. पूर्ण बाहेर. चहा घ्या. मग पुन्हा आत शिरून तेच पान नव्याने उघडा. तुमचं नाव, टक्के आणि तारीख पुन्हा समोर आली तर नोंद झाली. तिची पीडीएफ उतरवून घ्या, एक प्रत फोनात, एक छापून ट्रंकेत. ही परत जाऊन पाहण्याची सवय सगळ्याच अॅपना लावून घ्या. पडद्यावर जे दिसतं ते कधीकधी फोनाने आधीच साठवून ठेवलेलं जुनं पान असतं. बंद करून नव्याने मागवल्यावरच पलीकडच्या वहीत काय आहे ते कळतं.

नोंदीतलं नावच चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करावं लागतं. जानेवारी 2025 पासून बऱ्याच सभासदांना नाव, जन्मतारीख यांसारखी माहिती मालकाच्या सहीशिवाय ऑनलाइन सुधारता येऊ लागली, पण यूएएन 2017 च्या ऑक्टोबरनंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर. जुना असेल तर मालकाची संमती लागते. कारखानाच बंद असेल तर पुन्हा पीएफच्या कचेरीची पायरी चढणं आलं.

कधीकधी सगळं बरोबर करूनही चक्र नुसतं गरगर फिरत राहतं. अशा वेळी पाच वेळा बटण दाबू नका. पाच निरोप पाठवल्यासारखं होतं. थांबा, बाहेर या, पाहा, मग पुन्हा करा. रात्री उशिरा किंवा भल्या सकाळी गर्दी कमी असते. आणि “मला मेलीला काही येत नाही” असं तर म्हणूच नका. दिवसभर हेच काम करणाऱ्या बायकांचा अनुभव काय आहे ते पाहा. आपल्या अंगणवाडीच्या ताई पूर्वी अकरा रजिस्टरं हाताने भरत. मार्च 2021 पासून बाळांची वजनं, उंची, आहार हे सगळं पोषण ट्रॅकर नावाच्या अॅपमध्ये भरायचं ठरलं. सरकारी फोन जुने, भार पेलेना, मधेच बंद पडत, आणि त्यात इंग्रजीतून भरायची सक्ती. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. काम येत नव्हतं म्हणून नव्हे; भरलेली माहिती जिथे राहत नाही तिथे भरायची कशी, म्हणून.

लाडक्या बहिणीच्या पैशांतही हेच दिसलं. 2024 मध्ये योजना आली, महिना 1,500 रुपये, अर्ज मंजूर झाल्याचं फोनात दिसतं, पण खात्यात काही नाही! पुष्कळ जणींचे पैसे भलत्याच खात्यात जमा झालेले निघाले. असे सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं आणि विसरून गेलेलं एखादं खातं असतं, त्यात ते पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं, तेवढं एकदा पाहून घ्या. पुढे 18 सप्टेंबर 2025 च्या निर्णयाने ई-केवायसी आली, तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. दोघंही हयात नसलेल्या बाईने काय करायचं? अॅपमध्ये त्या रकान्याला उत्तरच नव्हतं. नंतर मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं. म्हणजे फिरून कागदच. आणि फिरून अंगणवाडीच्या ताईच.

एक गोष्ट यजमानांना न दुखावता पण ठामपणे करून घ्या. तुमच्या आधारला मोबाइल नंबर तुमचाच हवा. मुलाचा किंवा यजमानांचा नंबर असेल तर ओटीपी त्यांना जातो, ते त्या वेळी लोकलच्या दारात लोंबकळत असतात, आणि ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. कोपऱ्यावरच्या ऑनलाइनवाल्या दुकानात काम करून घेतलंत तर त्याने स्वतःचा नंबर तर घातला नाही ना, हेही पाहा. पासवर्ड त्याच्या वहीत नको, आपल्या वहीत. आधारची पीडीएफ छापून झाली की दुकानातल्या संगणकावरून ती आपल्या देखत पुसायला लावा. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे त्याला तुमच्या आधीपासून ठाऊक असतं. व्हॉट्सअॅपवर कोणी “हे अॅप उतरवा, नोंद करून देतो” म्हणून फाइल पाठवली तर ती उघडूच नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन.

घरात पेन्शन घेणारं कोणी असेल, सासूबाई, आई, तर त्यांचा हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनाने निघतो, 2021 पासून नुसता चेहरा दाखवूनही. पूर्वी बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत, त्या वाचल्या. पीएफची पेन्शन असेल तर नोव्हेंबरचीच वाट पाहायची गरज नाही. ज्या दिवशी दाखला काढाल तिथून वर्षभर तो चालतो. खिडकीजवळ उजेडात बसवा, पदर कपाळावरून मागे घ्यायला सांगा, डोळ्यांची उघडझाप मागितली की करायला लावा. काम झालं की एक प्रमाण क्रमांक येतो. तो कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. पण त्या क्रमांकाचा अर्थ दाखला तयार झाला एवढाच. पेन्शन देणाऱ्या कचेरीने तो स्वीकारला की नाही हे वेगळं असतं, आणि पेन्शनचा नंबर टाकताना एखादा आकडा चुकला असेल तर तो नाकारलाही जातो. आठवड्याभराने पुन्हा बघा, आणि पुढच्या महिन्याची पेन्शन जमा झाली की सासूबाईंना सांगा.